दुसरा मॉनिटर पुन्हा पुन्हा ‘नो सिग्नल’ दाखवतो? आधी तो कधी जातो ते बघा

डेस्कटॉपला दोन किंवा तीन मॉनिटर जोडले. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं आणि मग त्यातला एक अधूनमधून काळा पडू लागला. केबल काढून लावली की चित्र परत येतं, दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. या तक्रारीवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ड्रायव्हर अपडेट करा’. कधीकधी त्याने काम होतंही. पण दोष केबलमध्ये, ॲडाप्टरमध्ये किंवा मॉनिटरच्या वीजबचतीच्या सेटिंगमध्ये असेल, तर ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी रोग म्हशीला आणि औषध पखालीला अशी गत होते.

या बिघाडात सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे मॉनिटर जाण्याची वेळ. कॉम्प्युटर चालू केल्यापासून तो काळाच असतो का? सुरुवातीचं चिन्ह दिसतं पण विंडोज उघडताना जातो का? स्लीपमधून उठल्यावर परत येत नाही का? की काम चालू असताना मध्येच सेकंदभर जाऊन येतो? चारही वेळा डोळ्यांना दिसते ती काळी स्क्रीनच, पण प्रत्येकीचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. दोन-तीन दिवस ही वेळ लिहून ठेवा. अर्धं निदान तिथेच होतं.

आधी अदलाबदल, मग सेटिंग

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी मॉनिटरचा प्लग भिंतीच्या सॉकेटमधून काढा आणि किमान ३० सेकंद तसाच ठेवा. नुसतं मॉनिटरचं बटण दाबून हे होत नाही. बटणाने तो स्टँडबायमध्ये जातो, आतला छोटा प्रोसेसर चालूच राहतो. तोच अडकलेला असेल तर वीज पूर्ण तोडल्याशिवाय सुटत नाही. मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन इनपुट बघा. ‘ऑटो’ असेल तर ते बदलून जी केबल लावली आहे तेच इनपुट पक्कं करा: एचडीएमआय १, एचडीएमआय २ किंवा डिस्प्लेपोर्ट. ऑटोवर असलेला मॉनिटर एकेक इनपुट तपासत फिरतो. ग्राफिक्स कार्डाने सिग्नल पाठवला तेव्हा तो नेमका दुसऱ्या इनपुटवर असला, तर काही मॉडेल तिथेच हार मानून झोपी जातात.

आता अदलाबदल. समजा मॉनिटर ‘अ’ नीट चालतो आणि ‘ब’ जातो, आणि दोन्हींना एकाच प्रकारच्या केबल आहेत.

१. कॉम्प्युटर बंद करून केबलची मॉनिटरकडची टोकं आपसात बदला. अ ची केबल ब ला, ब ची अ ला. कार्डाकडची टोकं हलवू नका.
२. यानंतरही ‘ब’च जात असेल तर दोष त्या मॉनिटरमध्ये, त्याच्या पोर्टमध्ये किंवा त्याच्या मेनूतल्या सेटिंगमध्ये आहे.
३. दोष ‘अ’कडे गेला, तर मॉनिटर निर्दोष. आता कार्डाकडची टोकं बदला. केबलबरोबर दोष हलला नाही आणि त्याच पोर्टवर राहिला तर पोर्ट वाईट, केबलबरोबर गेला तर केबल वाईट.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडू नका. केबलही बदलली, ड्रायव्हरही टाकला आणि बायोसही (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, की चित्र परत आलं तरी कशामुळे आलं ते कळत नाही. पुढच्या आठवड्यात मॉनिटर पुन्हा गेला की तपास पहिल्यापासून सुरू.

एका मॉनिटरला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डिस्प्लेपोर्ट असेल तर ही चाचणी थेट करता येत नाही. तेवढ्यापुरती एक जादा केबल मिळवा. केबल काढताना एक गोष्ट सांभाळा: डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच प्लगना वर खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढलं तर कार्डावरचं सॉकेटच सैल होतं, आणि मग खरोखरचा हार्डवेअर दोष तयार होतो.

कॉम्प्युटर चालू केल्यापासूनच काळा

या वेळी विंडोज अजून चालूच झालेलं नसतं, त्यामुळे विंडोजच्या सेटिंगचा इथे संबंध नाही. एक अपवाद मात्र ध्यानात घ्या. सुरुवातीचं चिन्ह आणि बायोसचा पडदा अनेकदा एकाच मॉनिटरवर येतो. बाकीचे विंडोज उघडल्यावर जागे होत असतील तर तो दोष नाही.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे एक केबल ग्राफिक्स कार्डात आणि दुसरी मदरबोर्डच्या पोर्टात. कॅबिनेटच्या मागे यूएसबीच्या शेजारी जे व्हिडिओ पोर्ट असतात ते मदरबोर्डचे. त्यांना चित्र मिळतं प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सकडून. खाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डाचे. बरेच मदरबोर्ड कार्ड बसवलं की आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. कार्डात पोर्ट शिल्लक असेल तर सरळ सगळ्या केबल कार्डातच लावा. पोर्ट पुरत नसतील तरच बायोसमध्ये जाऊन आतलं ग्राफिक्स चालू करा. हे सेटिंग ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’, ‘आयजीडी मल्टी-मॉनिटर’ किंवा ‘इंटर्नल ग्राफिक्स’ अशा नावांनी असतं, बहुतेक वेळा ॲडव्हान्स्ड भागात. त्यानंतर आतल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हरही वेगळा टाकावा लागतो.

पण प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असलं तरच हे शक्य आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे त्यांत ते नसतं. एएमडीच्या डेस्कटॉप रायझनमध्ये ७००० मालिकेच्या आधी फक्त नावातल्या आकड्यानंतर ‘जी’ असलेल्यांत असायचं. ७००० मालिकेपासून साधं ग्राफिक्स बहुतेकांत आलं, ‘एफ’वाले वगळून. ग्राफिक्स नसलेल्या प्रोसेसरवर मदरबोर्डचा एचडीएमआय पोर्ट दिसतो, पण त्यातून कधीच काही येणार नाही.

पोर्ट किती आहेत आणि एका वेळी किती मॉनिटर चालतात, हे दोन वेगळे आकडे आहेत. एनव्हिडियाच्या जीफोर्स ५०० मालिकेपर्यंतची बहुतेक कार्डं दोनच मॉनिटर चालवायची. ६०० मालिकेपासून वरच्या कार्डांत चार चालतात, पोर्ट पाच असले तरी. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर तीन मॉनिटर तिसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून शक्य झाले, त्याआधी दोन. जुन्या रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० मालिकेची गंमत वेगळी: एचडीएमआय-डीव्हीआय प्रकारच्या सिग्नलसाठी लागणारे, सिग्नलची लय ठरवणारे घड्याळाचे स्रोत त्यांत दोनच आहेत. तिसरा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर थेट किंवा ॲक्टिव्ह (सिग्नल स्वतः बदलून देणाऱ्या) ॲडाप्टरमधून जोडला तरच चालतो. साध्या स्वस्त ॲडाप्टरने जोडला तर तिसरा चालू करायला आधीच्या दोनपैकी एक बंद करावा लागतो. लोक इथे ॲडाप्टर खराब समजून तसलाच दुसरा आणतात आणि पुन्हा तिथेच येतात.

जीफोर्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांवर डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ चा मॉनिटर लावला की विंडोज उघडेपर्यंत काहीच न दिसणं किंवा मशीन सुरुवातीलाच अडकणं, ही माहीत असलेली अडचण आहे. त्यासाठी एनव्हिडियाने कार्डाचं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करणारं वेगळं साधन दिलेलं आहे. ते टाकेपर्यंत मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.२ करून ठेवता येते.

आणि एक विचित्र लक्षण: कॉम्प्युटर बंद असूनही आतले दिवे मंद पेटलेले, किंवा बटण दाबलं तरी मशीन चालूच होत नाही, आणि डिस्प्लेपोर्टची केबल काढली की लगेच होते. हा दोष केबलच्या २० क्रमांकाच्या पिनचा. ती पिन ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याची असते आणि दोन उपकरणांमधल्या प्रमाणित केबलमध्ये ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेली नसावी लागते. काही स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते. अशी केबल दुसऱ्या मशीनलाही वापरू नका, टाकून द्या.

विंडोज उघडताना जातो

चिन्ह दिसलं, गोल फिरताना दिसला, आणि मग काळोख. म्हणजे केबल आणि पोर्ट साध्या रिझोल्यूशनवर तरी चालतात. ड्रायव्हरने ताबा घेतल्यावर जे मागितलं ते मॉनिटरला किंवा केबलला झेपत नाही, नाहीतर ड्रायव्हरलाच तो मॉनिटर बंद ठेवायला सांगितलेलं आहे.

सोप्यापासून सुरू करा. विंडोज की आणि पी एकत्र दाबा आणि ‘एक्स्टेंड’ निवडा. चुकून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडलं गेलं असेल तर दुसरा मॉनिटर बंद राहतो आणि विंडोज तेच लक्षात ठेवतं. मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले इथे जा. दुसऱ्या मॉनिटरचं चित्र फिकं दिसत असेल तर त्यावर क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’ ऐवजी ‘एक्स्टेंड’ करा. चित्रच नसेल तर ‘डिटेक्ट’ दाबा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडाप्टर्स उघडा. तिथे कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ असं दिसलं तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तोपर्यंत एकापेक्षा जास्त मॉनिटर चालण्याची अपेक्षा करू नका. नाव बरोबर असेल पण दोष विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर त्याच नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून बघा. तेही जमलं नाही तर जुना ड्रायव्हर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत साधनाने सेफ मोडमध्ये पूर्ण काढा आणि कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा टाका. काढताना इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर मधल्या वेळात विंडोज स्वतःचा ड्रायव्हर बसवून टाकतं.

मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ म्हणत असेल तर गोष्ट स्पष्ट आहे: रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, हर्ट्झमध्ये) जास्त मागितला आहे. नीट चालणाऱ्या मॉनिटरवरून ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर आणा.

इथे केबलची क्षमता समजून घ्यायलाच हवी, कारण ‘एचडीएमआय म्हणजे एचडीएमआय’ या समजुतीनेच बहुतेक जण फसतात. एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२ गिगाबिट प्रतिसेकंद. फोर-के त्यावर ३० हर्ट्झलाच चालतं, माउस सरकवताना अडखळल्यासारखा दिसतो. एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिट, फोर-के ६० हर्ट्झला. एचडीएमआय २.१ ची ४८. डिस्प्लेपोर्ट १.२ वर प्रत्यक्ष चित्रासाठी १७.२८ गिगाबिट मिळतात, १.४ वर २५.९२. जुन्या डीव्हीआयच्या सिंगल लिंकवर १९२० बाय १२०० आणि ६० हर्ट्झ हीच हद्द, ड्युअल लिंकवर २५६० बाय १६००. साखळीतला सगळ्यात कमकुवत दुवा जेवढं झेपवेल तेवढंच मिळतं: कार्ड २.१ चं, मॉनिटर २.१ चा आणि मधली केबल जुनी असेल तर चित्र जुन्या केबलच्याच हिशोबाने येणार.

एचडीएमआय केबल घेताना खोक्यावरचा आवृत्तीचा आकडा बघू नका, प्रमाणपत्राचं नाव बघा. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ गिगाबिटपर्यंत तपासलेली, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८ पर्यंत. दोन्हींच्या खोक्यावर स्कॅन करून खात्री करता येईल असं लेबल असतं. डिस्प्लेपोर्टसाठी ‘डीपी-८के’ प्रमाणित केबल घेतली की १.४ पर्यंतची चिंता मिटते.

ॲडाप्टरची दिशा हा दुसरा सापळा. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरकडे जायला साधा, वीज न लागणारा ॲडाप्टर चालतो, कारण बहुतेक कार्डांचा डिस्प्लेपोर्ट गरज पडल्यास एचडीएमआयचा सिग्नलही देऊ शकतो. उलट दिशेला, म्हणजे कार्डाच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरकडे, हे शक्य नाही. तिथे सिग्नल बदलणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टरच लागतो आणि त्याला बहुधा यूएसबीची वीज द्यावी लागते. दोन्ही टोकांचे प्लग बसतात म्हणून सरळ दिशेची केबल उलटी लावून पाहिली जाते आणि ताकास तूर लागत नाही. सरळ दिशेच्या साध्या ॲडाप्टरांतही जुने असतात ते १९२० बाय १२०० आणि ६० हर्ट्झपर्यंतच जातात. फोर-के ६० हवं असेल तर तसं स्पष्ट लिहिलेला ॲक्टिव्ह ॲडाप्टर घ्या. यूएसबी टाइप-सी पोर्टचंही तसंच: त्यात ‘डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड’, म्हणजे टाइप-सीमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल देण्याची सोय, असेल तरच चित्र येतं. कॅबिनेटच्या पुढच्या टाइप-सी पोर्टात तो सहसा नसतो.

स्लीपमधून उठल्यावर परत येत नाही, किंवा सगळ्या विंडो एकाच मॉनिटरवर गोळा होतात

सगळ्यात जास्त छळणारा प्रकार हाच, आणि गैरसमजही इथेच सगळ्यात जास्त. मुळात काय घडतं ते आधी.

मॉनिटर जोडला आहे की नाही, हे कार्डाला एका वेगळ्या पिनवरून कळतं. तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. मॉनिटर त्या पिनवर व्होल्टेज ठेवतो तोवर कार्ड म्हणतं ‘जोडलेला आहे’. व्होल्टेज गेलं की कार्डाच्या लेखी केबल उपटली गेली. एचडीएमआयवर कार्डाकडून ५ व्होल्ट मॉनिटरला मिळत असतात, त्यामुळे झोपलेला मॉनिटरही सहसा आपली ओळख देत राहतो. डिस्प्लेपोर्टवर मात्र कित्येक मॉनिटर गाढ झोपेत गेले की ही पिनही सोडून देतात. विंडोजला वाटतं मॉनिटर काढून नेला. ते लगेच मांडणी बदलतं, त्या मॉनिटरवरच्या सगळ्या विंडो उरलेल्या मॉनिटरवर ढकलतं. मॉनिटर जागा झाला की तो ‘नव्याने जोडला’ जातो, पण विंडो परत जात नाहीत. म्हणूनच एचडीएमआयवरचा मॉनिटर शहाण्यासारखा वागतो आणि शेजारचा डिस्प्लेपोर्टवरचा रोज गोंधळ घालतो. दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे असले तरी हेच होतं.

म्हणून पहिला उपाय मॉनिटरमध्येच. त्याच्या मेनूत ‘डीप स्लीप’, ‘पॉवर सेव्हिंग’, ‘ऑटो स्टँडबाय’ किंवा ‘इको’ अशा नावाचं सेटिंग शोधून बंद करा. वीज थोडी जास्त जाईल, पण पिन शाबूत राहील. बऱ्याच वेळा एवढ्यावरच काम भागतं. मॉनिटरच्या मेनूत हा पर्याय नसेल तर तो मॉनिटर एचडीएमआयवर हलवता येतो का बघा, क्षमता पुरत असेल तर.

विंडो जागा सोडत असतील आणि मशीनवर विंडोज ११ असेल, तर सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्लेमध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’ उघडा. मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय तिथे आहे, तो चालू ठेवा. मॉनिटरची जोडणी तुटल्यावर त्याच्यावरच्या विंडो मिनिमाइज करण्याचा पर्यायही शेजारीच आहे. हे दोन्ही चालू असले की मॉनिटर परत आल्यावर विंडो बहुतेक वेळा आपल्या जागी जातात. विंडोज १० मध्ये ही सोय नाही.

मॉनिटर अजिबात उठतच नसेल तर केबल उपटण्याआधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार की एकत्र दाबा. एक बीप ऐकू येते, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेलं काम जात नाही. याने मॉनिटर आला तर अडचण ड्रायव्हर आणि मॉनिटरच्या संवादात आहे. नाही आला आणि मॉनिटरचा प्लग काढून लावल्यावर आला, तर मॉनिटरच अडकतो आहे.

या चार कींनी मॉनिटर परत येत असेल तर पुढच्या गोष्टी एकेक करून बघा. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये पीसीआय एक्सप्रेसखालचं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करा. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या कामाच्या पानावर ‘फास्ट स्टार्टअप’ असतं, तेही बंद करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावर ड्रायव्हर खरा बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उघडली जाते, दोषासकट. ‘रीस्टार्ट केलं की ठीक, शट डाउन करून चालू केलं की बिघडतं’ असं लक्षण असेल तर बोट इथेच ठेवा.

विंडोज प्रत्येक मॉनिटर-जोडणीची मांडणी रजिस्ट्रीत साठवतं. वर्षानुवर्षं केबल आणि पोर्ट बदलत राहिल्याने तिथे जुन्या मांडण्यांचा ढीग साचतो आणि कधी चुकीची उचलली जाते. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, ग्राफिक्स ड्रायव्हर्स या वाटेने गेलात की ‘कॉन्फिगरेशन’ आणि ‘कनेक्टिव्हिटी’ असे दोन फोल्डर दिसतील. आधी त्यांची एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा, मग दोन्ही पुसा आणि मशीन रीस्टार्ट करा. विंडोज ते नव्याने तयार करतं. मॉनिटरची डावी-उजवी मांडणी मात्र पुन्हा लावावी लागेल. आसपासच्या इतर कशालाही हात लावू नका.

मॉनिटर बदलता येत नाही आणि त्यात झोपेचं सेटिंगही नाही, अशा वेळी शेवटचा इलाज म्हणजे केबलच्या मध्ये बसणारा ईडीआयडी एम्युलेटर. मॉनिटरची ओळखमाहिती तो स्वतःकडे ठेवतो आणि मॉनिटर झोपला तरी कार्डाला ‘जोडलेला आहे’ असंच सांगत राहतो. घेताना तो तुमच्या रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेटसाठी आहे ना, हे तपासा.

काम चालू असताना सेकंदभर जाऊन येतो

दर काही मिनिटांनी किंवा तासांनी स्क्रीन काळी, आणि एक-दोन सेकंदांत परत. हा बहुतेकदा सिग्नलच्या काठावर चाललेल्या केबलचा दोष असतो. चाचणी सोपी आहे: त्या मॉनिटरचा रिफ्रेश रेट १४४ वरून ६० वर आणा, किंवा फोर-के असेल तर ६० वरून ३० वर. झटके पूर्ण थांबले तर केबलला वरची गती झेपत नाही. लांबीही बघा. वीज नसलेली साधी केबल उच्च गतीला डिस्प्लेपोर्टसाठी २ मीटर आणि एचडीएमआयसाठी ३ मीटरच्या आत ठेवलेली बरी. दोन केबल जोडणारा कपलर मध्ये असेल तर आधी तो काढा.

ऐकायला विचित्र वाटेल, पण खुर्चीवरून उठताना किंवा बसतानाच मॉनिटर जात असेल तर तो भास नाही. गॅस-लिफ्टच्या खुर्चीतून सुटणारी स्थिर विजेची ठिणगी विद्युतचुंबकीय लहर सोडते, आणि शील्डिंग कमजोर असलेली केबल ती पकडते. चांगल्या शील्डिंगची, आखूड केबल आणि दोन्ही टोकांना फेराइट कडी, हा त्यावरचा उपाय. पंखा, पंप किंवा मोठी मोटर चालू-बंद होतानाच मॉनिटर जात असेल तर केबल विजेच्या वायरींपासून दूर न्या आणि मॉनिटर आणि कॅबिनेट एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावा.

गेम उघडताना किंवा एचडीआर चालू करताना सगळे मॉनिटर एकदाच काळे होऊन येणं हा मोड बदलण्याचा भाग आहे, दोष नाही. फक्त सशुल्क व्हिडिओ लावल्यावरच स्क्रीन काळी पडत असेल तर कार्ड आणि मॉनिटरमधली कॉपी-संरक्षणाची ओळख-तपासणी फसते आहे. मधला ॲडाप्टर किंवा स्प्लिटर काढून थेट केबलने बघा.

एकाला एक जोडलेले आणि यूएसबीवरचे मॉनिटर

डिस्प्लेपोर्टवर एका मॉनिटरमधून दुसऱ्याकडे साखळी करता येते. त्यासाठी पहिल्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट-आउट हवा आणि त्याच्या मेनूत एमएसटी (एकाच केबलवरून अनेक मॉनिटरना वेगवेगळं चित्र पाठवण्याची सोय) चालू हवं. ते बऱ्याच मॉडेलवर सुरुवातीला बंद असतं, आणि मग दुसऱ्यावर पहिल्याचंच चित्र दिसतं. साखळीतल्या शेवटच्या मॉनिटरवर मात्र एमएसटी बंद ठेवा. सगळे मॉनिटर एकाच केबलची क्षमता वाटून घेतात. ६० हर्ट्झला फुल एचडीला सुमारे ३.३ आणि २५६० बाय १४४० ला सुमारे ५.८ गिगाबिट लागतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या १७.२८ मध्ये २५६० चे दोन आरामात बसतात, तिसऱ्याला जागा उरत नाही आणि तोच काळा राहतो. मॅकओएसवर ही साखळी वेगवेगळी चित्रं देत नाही, दोन्हींवर सारखंच दाखवते. तिथे प्रत्येक मॉनिटरला वेगळी केबल लागते.

यूएसबीतून मॉनिटर देणारे डिस्प्लेलिंक प्रकारचे ॲडाप्टर ग्राफिक्स कार्डाचा पोर्ट वापरत नाहीत. ते चित्र प्रोसेसरकडून दाबून (कॉम्प्रेस करून) यूएसबीने पाठवतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर लागतो. मेल आणि कागदपत्रांसाठी ठीक, गेमसाठी नाही. असा मॉनिटर जात असेल तर तो यूएसबी हबमधून काढून थेट मागच्या यूएसबी ३ पोर्टात लावा.

चित्र आहे, पण नीट नाही

कर्सर एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर जाताना मध्येच अडतो, कारण विंडोज मॉनिटर इंचांत नाही, पिक्सेलमध्ये शेजारी मांडतं. फोर-केची उंची २१६०, फुल एचडीची १०८०. म्हणजे मोठ्या मॉनिटरची अर्धी कड समोर काहीच नसलेल्या भिंतीसारखी. डिस्प्लेच्या पानावर छोटा चौकोन वर-खाली ओढून टेबलावर जसा आहे तसा जुळवा.

टीव्ही मॉनिटर म्हणून लावल्यावर कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा. एचडीएमआयवर काळा रंग राखाडी दिसत असेल तर कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट रेंज ‘फुल’ करा. वेगवेगळ्या स्केलिंगच्या दोन मॉनिटरवर एखादं जुनं सॉफ्टवेअर धूसर दिसत असेल तर त्याच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ मध्ये बदल करा. मॉनिटरचा त्यात दोष नसतो.

एवढं करूनही जात असेल तर

हार्डवेअर की विंडोज, याचा निकाल लावायला लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह सर्वांत चांगला. उबंटूसारखं वितरण ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून मशीन सुरू करा आणि इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडा. त्याच केबल, तेच पोर्ट, जमल्यास तोच रिफ्रेश रेट ठेवा आणि बिघाड एरवी जितक्या वेळात दिसतो त्याच्या दुप्पट वेळ मशीन चालू ठेवा. तिथेही मॉनिटर गेला तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. कार्ड स्लॉटमधून काढून, संपर्काच्या पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसून, कार्डाच्या वीजेच्या प्लगसकट घट्ट बसवा आणि पुन्हा तपासा. त्यानंतरही एकाच पोर्टवर, वेगवेगळ्या केबलने आणि वेगवेगळ्या मॉनिटरने बिघाड होत राहिला तर तो पोर्ट गेला. वॉरंटीत देताना पोर्ट कोणता, रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट किती, केबल कुठल्या प्रमाणपत्राची आणि मॉनिटर नेमक्या कोणत्या वेळी जातो, या चार गोष्टी कागदावर लिहून कार्डाबरोबर द्या. नाहीतर ते एका मॉनिटरवर दहा मिनिटं चालवून ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत येतं.